ठिपक्यांचा वेग

"मॅडम, जरा इकडे येता का? हा ठिपका कोणत्या रंगाचा आहे, सांगा ना."

अच्युत माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. कुणाला सांगितलं तर हसतात. पण आमची सुरुवात म्हणून सांगण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नाही.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. सुदामा नगरात, अन्नपूर्णा रोडच्या आतल्या गल्लीत देवेंद्र भियांचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले सहा कप्पे, प्रत्येकात एक जाडजूड मॉनिटर, आणि नेट जोडताना फोनमधून येणारा तो किरकिरा आवाज. मी दुपारपासून तिथे काउंटरवर बसायचे. गणितात एम.एस्सी. करत होते, कॉलेजात न जाता, प्रायव्हेट. बाबा कामाला होते ती मिल बंद पडून दहाएक वर्षं होत आली होती, रजतदादा पुण्याला नोकरीला लागला होता, आणि बाबा दिवसभर अंगणातल्या खुर्चीत बसून गेटकडे बघत राहायचे. ते बघत घरात बसणं मला जमत नव्हतं. म्हणून कॅफे.

मी उठून कोपऱ्यातल्या कप्प्यापाशी गेले. स्क्रीनवर काळसर निळा समुद्र, त्यावर बारीक चौकटी, आणि चौकटींमध्ये विखुरलेले ठिपके. मला वाटलं, थट्टा करतोय. कॅफेत असे पुष्कळ यायचे. माउस चालत नाही, पेज उघडत नाही... सगळं मी उठून यावं म्हणून.

"लाल," मी कोरडेपणाने म्हटलं.

"आणि हा?"

"तोही लाल."

"वरचा?"

"हिरवा. स्पष्ट तर दिसतंय."

"तुमचा मॉनिटर बेकार झालाय," तो म्हणाला. "रंग उतरलेत सगळे."

मॉनिटर चांगला होता. मी तसं सांगितलं. तो माझ्याकडे बघून थोडंसं हसला – काहीतरी पकडलं जाऊ नये म्हणून माणूस हसतो तसं – आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. तेवढ्यात लाईट गेली.

त्या वर्षी इंदूरात लाईट जाणं ही काही बातमी नव्हती. यूपीएस कुईं कुईं करत दम तोडायचे, लोक शिव्या देत बाहेर पडायचे. त्या दिवशीही सगळे गेले. तो एकटा बसून राहिला. मी इमर्जन्सी लॅम्प आणून फळीवर ठेवला, तर त्या पांढऱ्या उजेडात की-बोर्डशेजारी जाहिरातीचा एक चतकोर कागद दिसला. त्याच्या कोऱ्या बाजूला गणितं होती. सहाचा वर्ग, आठचा वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ.

गणित दिसलं की मला राहवत नाही.

"हे काय आहे?"

"वेग."

"कशाचा?"

"जहाजाचा," तो म्हणाला, आणि मग मला बसायला शेजारचं स्टूल सरकवलं. "ऐसा है ना, हा लढाईचा गेम आहे. जगभरातले लोक खेळतात. दोन ताफे. आपले हिरवे, दुश्मन लाल, आणि प्रत्येकाचं एक जहाज. एक चौकट म्हणजे एक सागरी मैल. नकाशा एकदा बदलला की दहा मिनिटं गेली असं धरायचं. हे जहाज दोनदा नकाशा बदलला तेवढ्यात सहा घरं उजवीकडे आणि आठ घरं खाली गेलं. मतलब तिरकं किती गेलं?"

"दहा."

"वीस मिनिटांत दहा मैल. तासाला तीस. समुद्रावर त्याला तीस नॉट म्हणतात. आता आमच्या ताफ्यात बरोबर तीसने चालणारं जहाज एकही नाही. सगळ्यांचे वेग मला पाठ आहेत. तर मग हा दुश्मन."

"पण ते लाल आहे की. दुश्मन असल्याचं रंगावरूनच कळतं. एवढं गणित कशाला?"

त्याने तो कागद स्वतःकडे ओढला.

"गणितात मजा येते," तो म्हणाला.

मला हे उत्तर एकदम पटलं. इतकं, की त्यामागे आणखी काही असेल असं मनातही आलं नाही.

त्यानंतर तो रोज यायला लागला. चार-साडेचारला, एकच निळा स्वेटर, डोळ्यांवर येणारे केस. नंदा नगरला राहायचा – शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मिल कामगारांच्या वस्तीत. दोन टेम्पो बदलून यावं लागायचं. इतक्या लांब का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "इथलं नेट फास्ट आहे." आमचं नेट फास्ट आहे असं देवेंद्र भियासुद्धा कधी म्हणाले नव्हते. मी मनातल्या मनात त्या उत्तराचा मला हवा तो अर्थ लावला आणि दिवसभर उगाच खूश राहिले.

गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसायचे. त्याला पूर्ण वर्ग नसलेल्या संख्यांची मुळं काढता येत नव्हती, घोटाळा करायचा.

"सात आणि पाच," तो म्हणायचा.

"एकोणपन्नास, पंचवीस... चौऱ्याहत्तर. मूळ आठ पूर्णांक सहा. त्याला तीनने गुणा."

"पंचवीस, सव्वीस. सव्वीस नॉट!" त्याचा चेहरा उजळायचा. "आमचा पोलंडवाला. त्याने तोफा इतक्या लादल्यात की बिचारा सव्वीसच्या वर जातच नाही."

त्याचं सगळं जग तसं होतं. पोलंडवाला सव्वीस, ब्राझीलवाला तेहतीस, कुणी एक जपानमधला छत्तीस. त्यांची तोंडं त्याने पाहिली नव्हती, आवाज ऐकले नव्हते. नुसत्या चालीवरून ओळखायचा, जसं आपण जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस ओळखतो.

"आणि मी?" एकदा मी विचारलं. विचारून गेले खरी... मग खाली बघत राहिले.

"तुम्ही? काउंटरवरून इथे येता तेव्हा बारा नॉट. मालवाहू जहाज."

"शी! मालवाहू?"

"देवेंद्र भिया हाक मारतात तेव्हा एकवीस. ती बॅटलशिप झाली." तो स्क्रीनकडेच बघत होता, पण कान लाल झाले होते. "आज मात्र मी दारातून आत आलो तेव्हा तुम्ही छत्तीसने आलात. डिस्ट्रॉयर."

"डिस्ट्रॉयर म्हणजे?"

"सगळ्यात वेगवान. सगळ्यात... धोक्याचं."

मी उठले. जाऊन काउंटरवर बसले. किती नॉटने गेले ते त्यालाच ठाऊक.

त्याच्याबद्दल मला तोवर एवढंच कळलं होतं की त्याने रेल्वेच्या असिस्टंट ड्रायव्हरची परीक्षा पास केली आहे, पोस्टिंग यायचं आहे. वडील लक्ष्मीकांत माझ्या बाबांच्याच मिलमध्ये होते, साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. मिल गेल्यावर ते कुठल्याशा शोरूमबाहेर चौकीदारी करत होते. माझे बाबा त्याच मिलच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या खिडकीमागे. म्हणजे एकाच दारातून दोघे आत जायचे, पण एक खिडकीच्या या बाजूला आणि एक त्या. आमच्या घरात मिलच्या खात्यांत राबणाऱ्या माणसांबद्दल वाईट बोललं जायचं नाही. पण त्यांच्याकडे जाणं-येणंही नव्हतं.

रेल्वे मिळाली की ती खिडकी आपोआप मिटेल, असं मी धरून चालले होते.

जानेवारीत मावठा लागला. थंडीतला तो पाऊस, ना धड पडतो ना थांबतो. गल्लीत चिखल, आभाळ दिवसभर राखेच्या रंगाचं. कॅफेत चिटपाखरू नव्हतं. अच्युत भिजत आला आणि स्वेटरच्या आतून कागदाचा पुडा काढून माझ्यासमोर ठेवला.

"बोरं. एकेक निवडून आणली. गाडीवाला चिडला, पण मी म्हटलं, भिया, ऐसी-वैसी नहीं चाहिये."

मी पुडा उघडला. निम्मी पिकलेली, तांबूस. निम्मी हिरवीगार, कच्ची, दगडासारखी. त्याने माझ्यासाठी त्यातलं एक वेचलं, स्वेटरला पुसलं आणि पुढे केलं.

"हे घ्या. एकदम पिकलंय."

हिरवं होतं ते. मी खाल्लं. तोंड तुरट झालं. तो माझ्या चेहऱ्याकडे इतक्या आशेने बघत होता की मला गिळावंच लागलं... आणि गिळता गिळता सगळं एकदम उलगडलं. मॉनिटर. ठिपके. ती पानंच्या पानं गणितं. सगळे जण एका नजरेत जे बघतात, त्यासाठी हा वर्ग करत होता, मुळं काढत होता.

"अच्युत," मी हळूच म्हटलं, "तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. हो ना?"

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"बोर कच्चं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"तरी खाल्लंत?"

"हो."

मग तो बोलायला लागला, खालच्या आवाजात, पुड्याच्या कागदाला घड्या घालत. रेल्वेच्या दवाखान्यात मेडिकल होती. डॉक्टरांनी एक पुस्तक समोर धरलं, पानभर रंगीत ठिपके. त्यांच्यात आकडा असतो म्हणे. त्याच्या आधीच्या मुलाने पटापट वाचले.

"मला ठिपके दिसले. नुसते ठिपके. मी अंदाजाने काहीतरी बोललो. डॉक्टर हसले नाहीत, भले माणूस होते. म्हणाले, बेटा, सिग्नल का मामला है."

"त्याआधी तुम्हाला कधी कळलंच नाही?"

"गवत हिरवं असतं हे सगळ्यांना पाठच असतं ना. मी पण पाठ केलं होतं. तसंच दिसतं असं वाटायचं."

"मग घरी?"

"घरी माहीत नाही." त्याने कागदाला आणखी एक घडी घातली. "लेखी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा बाबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मिल बंद झाल्यापासून आमच्या घरातून पेढे गेले नव्हते कुणाकडे. त्यांना कसं सांगू? म्हटलं, पोस्टिंग यायचंय. आणि सुदामा नगरला रेल्वेच्या परीक्षेचा क्लास आहे, तिथे शिकवतो. सकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसतो, तेच पगार म्हणून आईच्या हातावर ठेवतो."

म्हणजे तो इतक्या लांब यायचा, ते नेटसाठी नव्हतं. माझ्यासाठीही नव्हतं, निदान आधी तरी. इथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली.

"मी बसते ना शेजारी," मी म्हटलं. "मी सांगत जाईन रंग."

"नको." तो पहिल्यांदाच जरा ताठ झाला. "रंग नको सांगूस. वेग सांग."

'सांगूस' म्हणाला तो. आम्ही दोघांनीही ते ऐकलं, आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

त्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मागे एकदा त्याच्या हातून स्वतःच्याच ताफ्यातलं जहाज बुडालं होतं. ब्राझीलवाल्याचं. त्याला आधीच गोळा लागला होता, तेहतीसवरून पंधरावर आला होता. अच्युतला तो वेग ओळखीचा वाटला नाही, आणि त्याने टॉर्पेडो सोडला.

"घायाळ झाला की माणूस ओळखू येत नाही," तो म्हणाला.

घरी गेल्यावर अंगणात बाबा दिसले. सायकलवरून पंधरा मिनिटांत मिल गाठणारे माझे बाबा आता नळापर्यंत जायला केवढा वेळ लावत होते... मी दारातच उभी राहून बघत बसले.

मावठा सरता सरता, एका दुपारी कॅफेचं दार ढकलून एक गृहस्थ आत आले. गळ्याशी मफलर, चौकीदाराचा खाकी कोट, हातात छत्री. चपला बाहेरच पायपुसण्यावर नीट पुसून मग आत आले.

"बेटा, इथे रेल्वेचा क्लास कुठे आहे? सगळ्या गल्ल्या बघितल्या. माझा मुलगा शिकवतो तिथे. अच्युत."

मी काउंटरमागून उठून उभी राहिले.

"काय काम होतं, काका?"

"त्याच्याबरोबरच्या पोराला ऑर्डर आली. ह्याचीच कुठे अटकली, क्लासच्या साहेबांना भेटून विचारू म्हटलं. आज सुट्टी काढून आलो."

नाही म्हणून सांगितलं असतं तर ते पुढच्या गल्लीत गेले असते. सांगून टाकलं असतं तर... ते सांगणं माझं नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बसा काका. तो येईल इथे."

"तू ओळखतेस त्याला?" मग माझ्याकडे निरखून बघत, "कुणाची गं तू?"

"शंकररावांची. मिलच्या टाइम ऑफिसातले."

त्यांचा चेहरा खुलला. "शंकरराव? अरे वा. त्यांच्या खिडकीसमोरून जन्म गेला माझा. दोन मिनिटं उशीर झाला तर मान खालीच ठेवायचे. दिसलंच नाही असं करायचे. कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

अच्युत आला तो नेहमीसारखा हसत आला. वडिलांना पाहिलं आणि दारातच थबकला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली – मी काही सांगितलेलं नाही. तो पुढे आला. वडिलांचा हात धरून त्यांना कोपऱ्यातल्या त्याच्या कप्प्यात घेऊन गेला, मशीन लावलं, नकाशा उघडला.

"बाबा, यातली लाल जहाजं कोणती?"

"ही काय. ही एक, ही दुसरी. का?"

"मला ती दिसत नाहीत. सगळी एकसारखी दिसतात." तो स्क्रीनकडेच बघत बोलत राहिला. "सिग्नलही तसेच दिसतात. मी मेडिकलमध्ये नापास झालो बाबा. ऑर्डर येणार नाही. इथे क्लास नाही."

काका कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत होते. नकाशा दोनदा बदलला, ठिपके सरकले. मग ते कुणाशीच न बोलल्यासारखं बोलले.

"तुझ्या आईचे वडील रंगखात्यात होते. एकाएकी काढलं त्यांना तिथून. लाल कापडाच्या जागी भलतंच काढलं म्हणून. लोक म्हणायचे, पिऊन आला असेल. आयुष्यात थेंब घेतला नव्हता त्या माणसाने."

ते उठले. मफलर गुंडाळला. माझ्याजवळ येऊन थांबले, "पाणी दिलंस, बरं वाटलं बेटा," म्हणाले आणि बाहेर पडले. रिमझिम चालू होती, पण छत्री त्यांनी उघडलीच नाही. अच्युत मागोमाग धावला. काचेतून दिसत होतं – पुढे वडील, मागे तो. दोघांमधलं अंतर कमी होत नव्हतं.

त्यानंतर तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, फेब्रुवारी लागला तरी नाही. फोन त्यांच्या घरी नव्हता. नंदा नगरला जाऊन काय म्हणून विचारणार होते मी? माझ्याकडे त्याचं एकच होतं – त्यानेच कधीतरी सांगितलेला गेमचा पासवर्ड. कप्तान गैरहजर राहिला की जहाज नुसतं वाहत राहायचं आणि कुणीही येऊन बुडवायचं. म्हणून मी रोज संध्याकाळी त्याच्या खुर्चीत बसून त्याचं जहाज हळूहळू कोपऱ्याकडे न्यायचे, लढाईपासून लांब. लढता मला येत नव्हतं. बुडू द्यायचं नव्हतं, बस.

घरात तेव्हा वेगळंच शिजत होतं. दादाने पुण्याला दोन खोल्यांची जागा घेतली होती, आम्ही सगळ्यांनी तिकडे जायचं ठरत होतं. आई शारदाबाई भांडी निवडायला लागली होती – ही न्यायची, ही देऊन टाकायची. "तिकडे तुझंही बघता येईल," ती म्हणायची. "इथे आता काय उरलंय गं?" बाबा तसेच गेटकडे बघत बसायचे.

मी कुणाला न विचारता उज्जैनच्या वाटेवरच्या सांवेर गावातल्या एका शाळेत अर्ज केला. गणिताची शिक्षिका हवी होती. मुख्याध्यापिका आनंदीबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि लगेच रुजू व्हायला सांगितलं. इंदूरातच मनोरमा मावशीकडे राहीन, रोज बसने येईन-जाईन, असं घरी सांगितलं. आई रडली. बाबा म्हणाले, "नोकरी आहे, सोडू नये." त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकवत नव्हतं.

कॅफेतल्या शेवटच्या संध्याकाळी मी गेम उघडला, तर जहाज मी ठेवलं होतं तिथे नव्हतं. नकाशाच्या मध्यावर आलं होतं. मी वाट बघत राहिले... आणि नकाशाखालच्या निरोपांच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटलं.

"आठ नॉटने चालवत होतीस? बैलगाडी आहे का ती?"

मी ओठ दाबून धरले. भिया समोर होते.

"कुठे आहेस?"

"सुरत. काकाने आणलं. कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये कॉम्प्युटरवर बसतो. चहूकडे रंगच रंग. मला काय, सगळं सारखंच."

"बाबा?"

"बोलत नाहीत. गल्लीतले विचारतात, पोराची गाडी कधी सुरू होणार. ते दुसऱ्या गल्लीने ड्यूटीवर जातात आता."

मी माझं सांवेरचं सांगितलं. पुण्याचं सांगितलं. त्याचं उत्तर आलं ते एवढंच: "पुण्याला जायला हवं होतंस." आणि लाईट गेली.

एप्रिलमध्ये आई-बाबा पुण्याला गेले. मी मावशीच्या घरून पहाटे निघायचे, सरवटे बसस्टँडवरून उज्जैनची बस धरायचे. त्या दिवशी खिडकीची जागा मिळाली होती. बस सुटता सुटता कुणीतरी धावत चढलं, आणि शेजारी येऊन बसलं. निळा स्वेटर नव्हता. वाळला होता, दाढी वाढली होती.

"रात्रभर बसमध्ये होतो," अच्युत म्हणाला. "मावशींच्या घराचा पत्ता देवेंद्र भियांनी आधीच फोनवर दिला होता. तिथे गेलो, तर तू निघाली होतीस."

बाहेर गव्हाची कापणी झालेली शेतं, नुसते खुंट, आणि त्यांवर सकाळचं पांढुरकं ऊन. आम्ही दोघं समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होतो.

"समुद्र पाहिला," तो म्हणाला. "सुरतजवळ डुमस आहे. काळी वाळू आहे तिथे."

"कसा वाटला?"

"एकट्याने बघायचा नसतो तो, एवढं कळलं."

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"नीरजा, मी हे सांगायला आलो नव्हतो. मी सांगायला आलो की तू पुण्याला जा. इथे माझ्यासाठी थांबू नकोस. तुझे बाबा टाइम ऑफिसातले, माझे साच्यावरचे. रेल्वे असती तर मान वर करून आलो असतो तुझ्या घरी. आता काय घेऊन येऊ? एका खोलीत पाच जण राहतो आम्ही."

"मी रेल्वेशी लग्न करणार होते का?"

"मस्करी नको ना."

"मी करत नाहीये."

"तुझे बाबा नाही म्हणतील."

"म्हणतील," मी म्हटलं. "माहीत आहे मला."

त्याने मान खाली घातली. हात गुडघ्यावर होता, मी त्यावर माझा ठेवला. त्याने काढून घेतला नाही. धरलाही नाही. कंडक्टर सांवेर, सांवेर ओरडायला लागला तेव्हा मी उठले, आणि तो माझ्या मागे उतरला. परतीची बस समोरून मिळेल म्हणाला. शाळा स्टँडपासून जवळच. गेटपर्यंत येतो, म्हणाला. तेवढंच.

गेटवर आनंदीबाई उभ्या होत्या, उशिरा येणाऱ्या मुलांना दटावत. मला बघून थांबल्या. चष्म्यावरून अच्युतकडे पाहिलं.

"हे कोण?"

त्याने जायला पाऊल उचललं होतं.

"माझं लग्न ठरलंय यांच्याशी," मी म्हटलं.

ते खरं नव्हतं. खरं व्हायला पुढे दीड वर्ष गेलं. बाबा त्यातले कितीतरी महिने माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. आईने पुण्याची दोन स्थळं परस्पर बोलावली, मी गेले नाही. लक्ष्मीकांतकाका शेवटी एकटेच पुण्याची गाडी पकडून बाबांकडे गेले आणि दिवसभर मिलबद्दल बोलून, लग्नाचा विषयही न काढता परत आले. त्यानंतर बाबांनी मला फोन केला. आणि लग्नानंतर सुरतेत आमच्या वाट्याला जे आलं तेही काही सोपं नव्हतं. पण हे सगळं मागाहून. त्या सकाळी गेटवर माझ्याकडे फक्त ते वाक्य होतं, आणि अच्युतचा पांढरा पडलेला चेहरा.

"मग त्यांना उन्हात का उभं केलंस?" आनंदीबाई म्हणाल्या. "आत या हो. पाणी घ्या."

त्या पुढे गेल्या. अच्युत जागचा हलला नाही.

"विचारायचं तरी मला," तो पुटपुटला.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणून."

घंटा झाली. मुलं पळत सुटली. मला पहिल्याच तासाला आठवीचा वर्ग होता, मी जायला निघाले. जिन्यावरून वळून पाहिलं, तर तो ऑफिसबाहेरच्या बाकावर बसला होता, पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून. परतीची बस येऊन गेली, नंतरचीही गेली असणार. दुपारी शाळा सुटली आणि मी खाली आले, तेव्हाही तो तिथेच बसलेला होता.